गरम तेलाचा ग्लास

देपालपूरच्या बाजूला आमची थोडी शेती आहे. विहिरीवर जुनं, सावकाश फिरणारं डिझेल इंजिन, आणि इकडे इंदुरात मेहुण्याचं सेव-कचोरीचं दुकान. कढईतून उतरलेलं तेल गाळून इंजिनाला वापरावं, असं दोन वर्षं माझ्या मनात होतं. दिवाळीनंतर एक माणूस दुकानात आला आणि घरच्या घरी तेल गाळायचा सेटअप मला 38,000 रुपयांना देऊन गेला. त्यात मी पूर्ण फसलो. तो अजून नमकीनवाल्यांकडे फिरतो आहे, म्हणून सगळं लिहितो आहे.

त्याचं बोलणं ऐकलं तर शंका यायला जागाच नव्हती. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे त्यानं सांगितलं. तेलातले पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तळणीला वापरता येत नाही, दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्या दुकानानं जुन्या तेलाची नोंद ठेवायची असते, हेही सांगितलं. इंदुरातल्या देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी गॅस होतो, मग आपण तेल का वाया घालवायचं, असं म्हणाला. हे सगळं खरं आहे, मी नंतर तपासलं. खोटं एकच होतं: “गाळलं की झालं बायोडिझेल.” बायोडिझेल करायला तेलात मिथेनॉल आणि अल्कली घालून रासायनिक प्रक्रिया करावी लागते, ग्लिसरीन वेगळं काढावं लागतं. नुसतं गाळलेलं तेल हे तेलच राहतं, आणि ते डिझेलच्या दहापट तरी दाट असतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर बोलणं तिथेच थांबलं असतं.

मग त्यानं करून दाखवलं. दोन लोखंडी ड्रम, हीटर, गिअर पंप आणि फिल्टरच्या तीन निळ्या बाटल्या. दहा मिनिटांत नळातून ग्लास भरला, रुमालात धरून माझ्या हातात दिला. तेल चांगलंच गरम होतं. ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येत होती. “काँच जैसा है, भिया,” तो म्हणाला. मी त्याच दिवशी पैसे दिले. गरम तेलात थोडं पाणी विरघळून राहतं आणि पाम तेलातला थिजणारा भागही वितळलेला असतो, त्यामुळे गरम असताना खराब तेलसुद्धा स्वच्छ दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तीन आठवडे इंजिन चाललं. मग पांढरा धूर, ठोके, सकाळी सुरू व्हायला त्रास, आणि ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी ते बंदच पडलं. मिस्त्रीनं इंजिनात इंधनाचा फवारा मारणारं नोझल उघडलं. सुई अडकलेली, तिच्यावर गंजाचे बारीक ठिपके आणि काळपट चिकट थर. तो म्हणाला, “यात पाणी गेलंय.” मी विकणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: थंडीनं तेल जमतंय, हीटर वाढवा, फिल्टरच्या बाटलीतलं कार्ट्रिज बदला. 1,800 रुपयांना एक, अशी तीन कार्ट्रिज त्यानं आणखी विकली. हीटर वाढवल्यावर फिल्टरची एक बाटली मऊ पडून फुगली. ती मुळात घरच्या पाण्याच्या फिल्टरची, गरम तेलासाठी नव्हतीच.

खरी गोष्ट घरी उघडकीला आली. गाळलेल्या तेलाची एक बाटली मी ओट्यावर ठेवली होती. सकाळी पाहिलं तर वरचं तेल पिवळं, खाली दोन बोटं गढूळ, पांढुरकं. आईनं त्यातलं चमचाभर तापल्या तव्यावर टाकलं. तडतड उडालं. “अरे, यात पाणी आहे, आणि चांगलंच आहे,” एवढंच ती म्हणाली. त्या तडतडीनं मला जे कळलं ते महिनाभर पंप, हीटर चाचपून कळलं नव्हतं.

त्या दिवशी सेटअप पूर्ण खोलला. पहिली गोष्ट, पंपाची तेल ओढणारी नळी ड्रमच्या अगदी तळाशी जोडलेली. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणजे पंप आधी पाणीच ओढणार. तळाला पाणी काढायचा नळ दिलाच नव्हता. शिवाय गिअर पंप ते पाणी तेलात इतकं बारीक घुसळतो की ते कुठल्याच साध्या फिल्टरला अडत नाही. सेव तळलेल्या तेलात मीठही असतं. ते पाण्यात उतरतं आणि तेच पाणी नोझलपर्यंत पोचलं. गंज तिथून आला.

दुसरी गोष्ट बघून मी हादरलो. “1 मायक्रॉन” लिहिलेलं स्टिकर नखानं काढलं तर खाली आरओच्या पाण्याच्या फिल्टरचा छाप निघाला, 5 मायक्रॉनचा, म्हणजे पाचपट जाड गाळणीचा. रामबागेजवळच्या दुकानात तसंच कार्ट्रिज मला दीडशेच्या आत मिळालं. दोन्ही शेजारी उभी केली, तर त्यानं दिलेलं बोटभर आखूड होतं. बाटलीत ते वरपर्यंत टेकतच नव्हतं, तेल त्याच्या डोक्यावरून सरळ पुढे जात होतं. म्हणूनच दोनशे लिटर तेल जाऊनही ते कधी चोक झालं नाही. तो हेच गुण म्हणून सांगायचा आणि मीही खूश होतो. बेसन आणि मसाल्याची राख असलेलं तेल खरोखर बारीक गाळलं तर फिल्टर एक-दोन डब्यांतच अडायला हवा. तो अडत नसेल तर तो गाळतच नाही.

नोझल आणि इंजिनाच्या इंधन पंपातल्या एलिमेंटला 6,400 रुपये गेले. पक्कं बिल नव्हतं, एका कोऱ्या कागदावर सही होती. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करून तक्रार दिली, पण विकणाऱ्याचा पत्ता माझ्याकडे नाही आणि त्याचा मोबाइल आता बंद आहे. कुठलाही असा माल घेताना जीएसटी क्रमांकाचं बिल आधी मागा, मग पैसे द्या, हे कळवळून सांगतो.

इंजिन पुन्हा डिझेलवर आहे. मेहुण्याचे डबे आता बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे जातात. ते आखूड कार्ट्रिज आणि दुकानातून आणलेलं, दोन्ही मी गल्ल्याजवळ ठेवली आहेत. येणाऱ्या प्रत्येक नमकीनवाल्याला दाखवतो.

मागच्या आठवड्यात धार रोडच्या एका कचोरीवाल्याकडे हाच ग्लास दाखवायला एक जण आला होता. कचोरीवाल्यानं ग्लास रात्रभर झाकून ठेवतो, सकाळी तव्यावर टाकून पाहतो आणि मग पैशांचं बोलू, असं सांगितलं. तो माणूस ड्रम टेम्पोत घालून गेला, सकाळी आला नाही.