कोरस पेडल घेताय? आधी टिकटिक ऐका (एक मिनी अॅनालॉग आणि बॉस सीएच-१, काही महिने वापरून)

ज्याच्याकडून ऑनलाइन पेडल घेतला त्या सेलरने शेवटी "कंपनी पॉलिसी सर" एवढंच उत्तर देऊन चॅट बंद केला, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर मी रिव्ह्यू वगैरे लिहिणारा माणूस नाही.

मी डोंबिवलीत नोकरी सांभाळून एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपती, नवरात्र, कोजागिरी, मग लग्नसराईतले संगीतचे प्रोग्राम. अँप वगैरे कोणी उचलून नेत नाही, पायाने दाबायचे तीन छोटे इफेक्टचे डबे, म्हणजे पेडल: ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा), कोरस (एकच गिटार दोन-तीन गिटार एकदम वाजल्यासारखी जाड करणारा), डिले (प्रतिध्वनी देणारा), आणि तिथून डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवणारा डबा) सरळ मिक्सरला. ऐंशी-नव्वदच्या गाण्यांत क्लीन गिटारचे जे तुकडे येतात ते कोरसशिवाय कोरडे लागतात, त्यामुळे हा पेडल आमच्याकडे चैन नाही, रोजच्या कामाचा आहे.

तर मी एक मिनी अॅनालॉग कोरस ऑनलाइन घेतला. नाव सांगून उपयोग नाही, तोच डबा रंग बदलून वेगवेगळ्या नावांनी मिळतो. अॅनालॉगच हवा हा माझा हट्ट होता, कारण सगळे तेच सांगतात, बकेट ब्रिगेड चिप (सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे ढकलून उशीर करणारी अॅनालॉग चिप) असली की आवाज गरम, डिजिटल म्हणजे प्लास्टिक. पहिले काही आठवडे खरंच मस्त गेले. आवाज गोड, जरा मऊ, वरच्या तारा टोचत नाहीत. बोर्डवर जागा पण कमी खातो. मी मित्रांना फोन करून सांगितलं घ्या म्हणून.

मग टिकटिक सुरू झाली. रेट (आवाज हलण्याचा वेग) हळू ठेवला की ठरावीक अंतराने एक बारीक "टक्". वाजवत असताना कळत नाही, घरी हेडफोनवर पण आधी वाटलं वायरचा काहीतरी असेल. पण प्रोग्राममध्ये गायिका मुखड्यानंतर थांबते, तबलेवाला हात उचलतो, आणि त्या शांततेत माझा पेडल मॉनिटरमधून ताल देतोय, टक्... टक्... आणि तोही गाण्याच्या लयीत नाही! रेट वाढवला की टक्टक् पण भराभर. म्हणजे हे एलएफओचंच (आवाज हलवणारी मंद लहर काढणारं सर्किट) काम, दुसरं कोणाचं नाही.

सेलरला व्हिडिओ पाठवला. उत्तर: "सर ये अॅनालॉग है, इतना नॉइज नॉर्मल है." बरं, अॅनालॉगची सळसळ मला माहितेय, ती मी कधीच मनावर घेतली नाही, पण घड्याळासारखी टकटक नॉर्मल कशी? मग म्हणे तुमचा अडॅप्टर खराब. आयसोलेटेड सप्लायवर (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) एकटा लावून परत व्हिडिओ केला, तरी तेच. मग म्हणे बॅटरी लावून व्हिडिओ पाठवा. अहो, मिनी पेडलमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी बसायला जागाच नसते! जो माणूस हे विकतोय त्याला हे माहीत नाही. शेवटी परत पाठवायला सांगितलं, कुरिअर माझ्या खर्चाने, "टेस्टेड ओके" असा कागद घालून तोच पेडल परत आला. तो बहुतेक फुल स्ट्रमिंग करून टेस्ट केला असणार, त्यात कोणाला टक् ऐकू येणार.

कल्याणला एक रिपेअरवाले काका आहेत, जुने डेक आणि कीबोर्ड दुरुस्त करतात. त्यांनी उघडलं, पाच मिनिटं स्कोप (वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला आणि म्हणाले, "हे बघ, ही चौकोनी वेव्ह." एलएफओमध्ये एक ऑप-अँप (चिपमधलं छोटं अॅम्प्लिफायर सर्किट) त्रिकोणी वेव्ह काढतो, त्याच्या जोडीचा दुसरा चौकोनी, आणि तो चौकोनी वाला प्रत्येक वेळी पलटी मारतो तेव्हा सप्लायला एक झटका बसतो. तो झटका ऑडिओत गळला की टक्. जुन्या चांगल्या डिझाइनांत म्हणूनच एलएफओला मुद्दाम कमी करंट खाणारा ऑप-अँप घालायचे आणि त्याचा सप्लाय फिल्टर करायचे, इथे पैसे वाचवलेत. काकांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऑप-अँपच्या सप्लायवर आडवा झोपवून डाग दिला. झाकण जेमतेम बसतं, एक स्क्रू अर्धाच जातो. पण टिकटिक जवळजवळ गेली. काकांनी किती घेतले? चहाला पुरतील इतके. कुरिअरला मी त्याच्या कितीतरी पट घालवले होते.

हे सगळं चालू असताना नवरात्र तोंडावर, हातात पेडल नाही, म्हणून पुण्यातल्या एकाकडून जुना बॉस सीएच-१ घेतला. निळा, कोपरे घासलेले, मागचं रबर अर्धं फाटलेलं, नव्याच्या निम्म्या भावात. पहिल्या दिवशी मला तो अजिबात आवडला नाही. सुरुवातीच्या काळातले सीएच-१ बकेट ब्रिगेडवर होते, नंतरचे डिजिटल, माझा नंतरचा. आवाज चकचकीत, वरच्या पट्टीत काच घासल्यासारखा. मी घरी म्हटलं, नवरात्र झालं की विकून टाकतो.

विकला नाही. कारण ई. लेव्हल, म्हणजे कोरसचा आवाज किती मिसळायचा तो मिक्सचा नॉब.

मला वाटतं कोरस घेताना लोक रेट आणि डेप्थच (सूर किती हलतो ते) बघतात आणि चिपचे नंबर पाठ करतात, पण मिक्सचा नॉब आहे का हे कोणी विचारत नाही. कोरस म्हणजे शेवटी काय, सिग्नलची एक कॉपी काही मिलिसेकंद उशिरा, तो उशीर सतत कमीजास्त होतो म्हणून कॉपीचा सूर वरखाली हलतो, आणि ती मूळ सिग्नलमध्ये मिसळली की जाड वाटतं. मूळ सिग्नल काढून टाकला तर उरतो व्हायब्रेटो. म्हणजे किती कॉपी मिसळायची हाच तर मुद्दा आहे! आणि बऱ्याच प्रसिद्ध पेडलना तोच नॉब नाही. १९७९ च्या बॉस सीई-२ ला रेट आणि डेप्थ, बस. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्मॉल क्लोनला तर एकच रेटचा नॉब आणि डेप्थला दोन पोझिशनचा स्विच. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनला चाललं, मान्य, पण त्याच्या शेजारी हार्मोनियम नव्हती.

हार्मोनियमचा सूर ठाम असतो, हलत नाही. गिटारवाल्याने बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरून डेप्थ जास्त ठेवली की सहाही तारा एकदम वरखाली, आणि पेटीसमोर ते सरळ बेसूर लागतं. आमची गायिका मला एकदा लाइन चेकलाच म्हणाली, "दादा, ते पाण्यात बुडवल्यासारखं काढा ना जरा, मला सा सापडत नाहीये." मिनीवर डेप्थ कमी केली तर कोरसच जायचा, जास्त केली तर पाणी. सीएच-१ वर (नॉब घड्याळाच्या काट्यासारखा वाचा) डेप्थ दुपारी दोनच्या काट्यावर ठेवतो, रेट नऊवर, आणि ई. लेव्हल फक्त दहाला. हलकी चमक राहते, सूर जागेवर. इक्यू (टोचरेपणा कमीजास्त करणारा नॉब) साडेदहाच्या आसपास आणला की ती काच पण जाते. हे मला पहिल्या आठवड्यात कळलंच नव्हतं, सगळे नॉब बारावर ठेवून "डिजिटल आहे ना, असाच वाजणार" म्हणत होतो.

आणि टिकटिक? शून्य. मी आता कोणताही कोरस ट्राय करताना आधी गिटारचा व्हॉल्यूम बंद करतो, पेडल चालू, रेट सगळ्यात हळू, डेप्थ फुल, मिक्सरचा गेन वर, आणि अर्धा मिनिट गप्प बसतो. दुकानदाराला वाटतं याला काहीतरी झालंय. पण दादरच्या एका दुकानात असेच दोन पेडल मी न वाजवता परत ठेवले.

स्टिरिओबद्दल लोक फार बोलतात म्हणून थोडं. १९७५ च्या रोलंड जेसी-१२० अँपमध्ये एका स्पीकरमधून कोरा सिग्नल आणि दुसऱ्यातून हलणारा, दोन्ही खोलीतल्या हवेत मिसळतात, म्हणून तो इतका मोठा वाटतो. त्याच सर्किटवरून पुढच्या वर्षी बॉसचा सीई-१ पेडल आला. ठाण्याच्या एका जॅमरूमला जेसी-१२० आहे, एकदा त्याच्यासमोर उभे रहा, मग कळेल. पण आमच्याकडे साऊंडवाला गिटारला एकच चॅनल देतो आणि सगळा पीए (प्रेक्षकांपर्यंत आवाज नेणारे स्पीकर) मोनो, म्हणजे सगळीकडे एकच आवाज. काही पेडल दुसऱ्या आउटपुटला कॉपी उलट्या फेजमध्ये (लहर उलटी करून) देतात, ते दोन्ही मोनोत एकत्र केले की कोरसच गायब होतो. तेव्हा स्टिरिओसाठी जास्तीचे पैसे घालताना आधी साऊंडवाल्याला विचारा.

बॉसचा सीई-२डब्ल्यू पण वाजवून बघितला. सीई-२ चा आवाज, वर सीई-१ चा कोरस आणि व्हायब्रेटो. आवाज ऐकून मी गप्प झालो, इतका सुंदर. किंमत ऐकून पण गप्प झालो. आणि परत तेच, मिक्सचा नॉब नाही. ज्यांना घरी एकटं बसून वाजवायचंय, रेकॉर्डिंग करायचंय त्यांनी डोळे मिटून घ्यावा. अॅनालॉगच हवा आणि मिक्स पण हवं तर एमएक्सआरचा अॅनालॉग कोरस बघा, त्याला लेव्हल आहे आणि लो-हायचे वेगळे छोटे नॉब पण.

आता गंमत अशी की दुरुस्त झालेला मिनी मी टाकलेला नाही. घरी इअरफोनवर, एकट्याने आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) वाजवताना तो सीएच-१ पेक्षा जास्त गोड लागतो, हे मला मान्य करावं लागतंय, चिपवाले लोक अगदीच हवेत बोलत नव्हते. फक्त डिजिटल डिलेसोबत एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवर अनेक पेडल जोडणारी वायर) लावू नका, दोघांचे क्लॉक (आतले वेगवान ठोके) एकमेकांत मिसळून बारीक शिट्टी येते. त्याला वेगळा सप्लाय द्या.

सीएच-१ बद्दल एकच तक्रार, नॉबवरची रेघ स्टेजच्या अंधारात दिसत नाही. बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. एलईडी दिसतो, पण दहावर आहे की अकरावर ते वाकून बघावं लागतं, आणि वाकलं की समोरचे काका मोबाइलवर व्हिडिओ काढतच असतात.

आमच्या बासवाल्याला पण आता कोरस हवाय. माझा सीएच-१ लावून बघितला तर खालचे सूर डगमगायला लागले, किक ड्रमशी जमेना. त्याला म्हटलं बॉसचा बाससाठीचा कोरस सीईबी-३ बघ, त्याला लो फिल्टर आहे, खालचं हलत नाही, वरचंच हलतं. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर किंमत बघितली आणि मला विचारलं, "तुझा तो कपॅसिटरवाला मिनी विकणार आहेस का?"