बाबांचा टाइमशेअर नावावर घेतला: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

बाबांनी 2011 साली एका हॉलिडे क्लबची 25 वर्षांची मेंबरशिप घेतली होती. टाइमशेअर म्हणजे हेच: पैसे आधी भरायचे आणि दरवर्षी ठरावीक रात्री क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. आमच्या वाट्याला वर्षाला सात रात्री, 2036 पर्यंत. बाबा गेल्यावर फाइलमध्ये नॉमिनी म्हणून माझं नाव निघालं. आई आणि दादाची एनओसी, ॲफिडेव्हिट, ट्रान्सफर फी असे सगळे सोपस्कार करून मी ती नावावर करून घेतली. बाबांची आठवण म्हणून! हिशेब तेव्हा केलाच नाही.

आजवर एकदाच जाणं झालं, तेही ऑगस्टात, महाबळेश्वरला. मे महिना आणि दिवाळीचं बुकिंग आपल्याला कधी मिळत नाही. खोली मात्र ऐसपैस, चहापुरतं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर धुकंच धुकं. चार दिवसांत एक टॉवेल वाळला नाही, पण त्याचा दोष क्लबला कसा देणार? वार्षिक मेंटेनन्स 19,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 22,420 रुपये. जा नाहीतर घरी बसा, भरायचेच. चारच रात्री राहिलो, म्हणजे रात्रीला साडेपाच हजारांच्या वर. समोरच्या हॉटेलात पावसाळी दर याच्या निम्मा होता.

वकील मैत्रिणीने नंतर समजावलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि नको असलेला वारसा घेण्याची सक्ती नसते. बाबांची थकबाकी असती, तरी ती त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतूनच वसूल झाली असती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 52 तेच सांगतं. माझ्या पगाराला कुणी हात लावला नसता. ट्रान्सफर फॉर्मवर सही करून 2036 पर्यंतचा मेंटेनन्स मीच गळ्यात घालून घेतला.

विकायला काढली तर फोन सुरू झाले, "मॅडम, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त पंधरा हजार आधी भरा." अजिबात भरू नका. आता क्लबकडे सरेंडरचा अर्ज दिलाय. वापरलेल्या वर्षांचे पैसे कापून उरलेले मिळतील म्हणतात. तीन महिने झाले, मिळालेली नाही ती फक्त तारीख.

आईवडील हयात असतानाच करार काढून वाचा: मुदत कधी संपते, सरेंडरचं कलम आहे का, थकबाकी किती. मृत्युपत्रात, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, एवढं लिहिलेलं असलं तरी पुरे की ज्याला हवी त्याने घ्यावी, कुणालाच नको असेल तर क्लबला परत करावी.

परवा हेच सासूबाईंना सांगत होते. त्यांची लोणावळ्याची आहे, 99 वर्षांची. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, ती तर तुझ्याच नावावर करायची ठरवलीय मी."