पॉयरो ऐकायचा तर कुणाच्या आवाजात? सुशे की फ्रेझर

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने परवा विचारलं, "पॉयरो ऐकायला घेतोय. डेव्हिड सुशेचं घेऊ की ह्यू फ्रेझरचं?" पॉयरो म्हणजे आगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधला गुप्तहेर, आणि प्रश्न होता त्याच्या ध्वनिपुस्तकांचा. मी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झालो आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. ज्याचं नाव घेतलं नाही त्याच्यावर अन्याय केल्यासारखं वाटत होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोघेही एकाच घरातले. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवरच्या पॉयरो मालिकेत 1989 ते 2013 या काळात सुशे पॉयरो झाले, एकूण 70 भाग. फ्रेझर त्याच मालिकेतले कॅप्टन हेस्टिंग्ज, म्हणजे पॉयरोचा मित्र. पुढे दोघांनीही आगाथा ख्रिस्तीच्या कथा-कादंबऱ्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यामुळे इथे चांगलं आणि वाईट असा प्रश्नच नाही. पॉयरोची गोष्ट पॉयरोच्या तोंडून ऐकायची की त्याच्या मित्राच्या, एवढंच ठरवायचं आहे. मला हे ठरवायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

आधी सुशेंबद्दल, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. या माणसाने पॉयरोसाठी जी मेहनत घेतली तिला तोड नाही. मूळ पुस्तकं वाचत वाचत त्यांनी पॉयरोच्या सवयी-लकबींची 93 कलमांची यादी केली होती. चहात साखर किती, कपडे कसे, चालणं कसं, सगळं त्यात. आवाज तर त्यांनी अक्षरशः छातीतून उचलून डोक्यात नेला. त्यांचा स्वतःचा आवाज खर्जातला आहे, पॉयरोचा टाळूला लागून येतो. पुस्तक वाचतानाही हे सगळं कसब हाताशी असतं. ते निवेदन करत असतात, मध्येच पॉयरो बोलायला लागतो आणि खोलीत दुसरा माणूस आल्यासारखं वाटतं.

'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' त्यांच्याकडूनच ऐकावं, याबद्दल माझं दुमत नाही. 1934 च्या या कादंबरीचा मधला भाग म्हणजे नुसत्या जबान्या. गाडी बर्फात अडकलेली, आणि डायनिंग कारमध्ये एकामागून एक प्रवासी येऊन बसतो. रशियन प्रिन्सेस, स्वीडिश बाई, इटालियन विक्रेता, हंगेरियन काउंट, अखंड बोलणारी अमेरिकन मिसेस हबर्ड. छापील पुस्तकात हा भाग मला दोनदा जड गेला होता. नावं एकमेकांत मिसळायची, मी मागे जाऊन पाहायचो. सुशेंनी वाचलेलं ऐकताना एकदाही मागे जावं लागलं नाही. प्रिन्सेस ड्रॅगोमिरॉफ दोन वाक्यं बोलली की तिचं वय, तिचा दरारा, दुखणाऱ्या सांध्यांनिशी ताठ बसणं, सगळं कळतं. हा एकपात्री प्रयोग आहे, आणि अव्वल दर्जाचा आहे.

माझी अडचण सुरू झाली ती लोकलमध्ये.

मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जातो. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात छातीशी धरलेली बॅग, फोन खिशात. आवाज कमी-जास्त करायला तिसरा हात नाही. सुशेंच्या वाचनात नाटकातले चढउतार आहेत. पॉयरो सत्याच्या जवळ पोचला की आवाज खाली येतो, जवळजवळ श्वासावर येतो. मग कुणी तरी संतापून उसळतं आणि आवाज एकदम वर जातो. शांत खोलीत याच्यासारखं सुख नाही. पण कळव्याहून ठाण्याकडे येताना गाडी खाडीच्या पुलावर चढते आणि लोखंडाचा खडखडाट सुरू होतो, तेव्हा तो श्वासावरचा संवाद पूर्ण बुडतो. 'डेथ ऑन द नाईल' ऐकताना नेमकं हेच झालं. पॉयरो काहीतरी फार हळू, फार महत्त्वाचं बोलला आणि मला फक्त चाकं ऐकू आली. ठाण्याला जरा जागा झाल्यावर फोन काढला, तीस सेकंद मागे गेलो. पुन्हा तीस. आवाज वाढवून फोन खिशात टाकला आणि मुलुंड यायच्या आत कानात ओरडा बसला. दचकून माझा धक्का शेजारच्या काकांना लागला. त्या एका आठवड्यात असं चार-पाच वेळा झालं. पुस्तक संपलं तेव्हा लक्षात आलं की शेवट मी तुकड्यातुकड्यांनी, मागेपुढे करत ऐकलाय, आणि पॉयरोने ज्या क्षणासाठी इतका वेळ घेतला तो क्षण मला असा मिळालाच नाही.

यात सुशेंचा काही दोष नाही, हे मनापासून सांगतो. रंगभूमीवर वाढलेल्या नटाचं ते काम आहे आणि ते निवांतपणे ऐकायलाच हवं. पण माझ्या दिवसात निवांत वेळ रात्री अकरानंतर सुरू होतो, आणि तेव्हा मी दहा मिनिटांत झोपतो.

मग फ्रेझर लावले. पहिल्या दिवशी थोडा हिरमुसलो, खरं सांगायचं तर. सुशेंच्या मानाने फार साधं वाटलं. एक सभ्य, सुशिक्षित इंग्रज गृहस्थ पुस्तक वाचून दाखवतोय, एवढंच. पात्रांचे आवाज आहेत, पण पेन्सिलने हलकी रेघ मारावी तसे. बायका बोलतात तेव्हा ते आवाज फारसा बारीक करत नाहीत, बोलण्याची चाल किंचित बदलतात. पॉयरो मात्र ऐकताक्षणी ओळखू येतो. माझ्या कानाला तरी त्यात सुशेंच्या पॉयरोची सावली जाणवते. इतकी वर्षं शेजारी उभं राहून ऐकलेला आवाज आहे, जिभेवर उतरला असेल तर नवल नाही.

तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की पुलावर गाडी चढली आणि उतरली, माझं एकही वाक्य सुटलं नाही. आवाजाची पातळी एकसारखी. गुपित सांगतानाही शब्द पूर्ण उमटतो. दादरला उतरणाऱ्यांची रेटारेटी चालू असतानाही गोष्ट कानात चालू राहिली.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, अभिवाचन. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर मिळून कथाकथनाचे कार्यक्रम करायचे. माईकसमोर एक माणूस आणि त्याची गोष्ट, एवढ्यावर सभागृह धरून ठेवायचे. नभोनाट्याची ताकद वेगळी आणि या सांगण्याची वेगळी. मला वाटतं, रहस्यकथेला यातलं दुसरं जास्त मानवतं.

याचं कारण जरा खोलात जाऊन सांगतो, कारण ही गोष्ट मला फ्रेझरमुळेच कळली. ख्रिस्ती आपला पुरावा संवादात क्वचित लपवते. ती तो निवेदनातल्या एखाद्या अगदी सपक वाक्यात ठेवते. कुणी खुर्ची सरकवली, कुणी दार लावून घेतलं, किती वाजले होते. डोळ्यांनी वाचताना आपण अशा वाक्यावरून घसरत पुढे जातो आणि तिला तेच हवं असतं. वाचणाऱ्याने त्या वाक्यावर तांदळाएवढा जरी भार टाकला तरी श्रोत्याचे कान टवकारतात आणि खेळ मोडतो. उलट फारच घाईने उरकलं तर तो पुरावा श्रोत्यापर्यंत पोचतच नाही, मग शेवटी फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मधला मार्ग फार अरुंद आहे.

'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' फ्रेझरकडून ऐका. 1926 ची कादंबरी, सांगणारे डॉक्टर शेपर्ड, सोबत त्यांची बहीण कॅरोलाइन, जिला घराबाहेर पाऊल न टाकता गावभरच्या बातम्या कळतात. शेजारी नवा राहायला आलेला गृहस्थ भोपळ्याच्या जातीची भाजी पिकवत असतो, तो आपला निवृत्त पॉयरो. ही गोष्ट मला आधीच माहीत होती, तरी ऐकली. माहीत असल्यामुळेच कानांनी टेहळणी करत होतो, की अमुक वाक्य आलं की हे कसं म्हणतात बघू. ते वाक्य आलं आणि गेलं. फ्रेझरनी ते आधीच्या आणि नंतरच्या वाक्यासारखंच म्हटलं, त्याच वेगात, त्याच सुरात. मी विक्रोळीच्या आसपास एकटाच हसलो, इतका आनंद झाला. पुस्तकावर विश्वास असल्याशिवाय असं वाचता येत नाही. फ्रेझर स्वतःही गुन्हेकथा लिहितात. त्यामुळे कुठली गोष्ट उघडी ठेवायची आणि कुठली झाकायची, हे त्यांना आतून कळत असावं असा माझा अंदाज.

'द एबीसी मर्डर्स'मध्ये आणखी एक गंमत आहे. कादंबरी सांगतो हेस्टिंग्ज, पण मधूनमधून अशी प्रकरणं येतात जी त्याने स्वतः पाहिलेली नाहीत, आणि तसं शीर्षकातच म्हटलेलं आहे. तिथे फ्रेझरच्या आवाजातला जिव्हाळा काढून घेतल्यासारखा वाटतो. बाकी काही बदललेलं नसतं. मला तिथे अंगावर काटा आला होता.

घरी आईवरही दोघांचा प्रयोग झाला. आई मराठी माध्यमात शिकली, बँकेत नोकरी केली, इंग्रजी वाचते उत्तम, पण ऐकायची सवय कमी. दुपारी भाजी निवडताना मी तिला आधी 'ओरिएंट एक्स्प्रेस' लावून दिलं. ती मन लावून ऐकत होती, पण स्वीडिश बाई आणि इटालियन विक्रेता यांच्या धाटणीचं इंग्रजी सुरू झालं की गवारीवरचे हात थांबायचे. दुसऱ्या दिवशी फ्रेझर लावले. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "अरे, ह्यांचं सगळं कळतंय. बंद नको करूस." तेव्हापासून ती त्यांना 'तुझे हेस्टिंग्ज' म्हणते. तुमचेही कान इंग्रजी ऐकण्याला अजून सरावले नसतील तर हा मुद्दा आवाजाच्या चढउतारांपेक्षाही मोठा ठरू शकेल.

काही फुटकळ अनुभव. वेग वाढवून ऐकायची सवय असेल तर फ्रेझर सव्वापट वेगातही स्वच्छ राहतात. सुशेंना वेगात ऐकू नये, त्यांचे विराम हाच त्यांच्या वाचनाचा अर्धा जीव आहे. घेण्याआधी जो चार-पाच मिनिटांचा नमुना ऐकायला मिळतो त्यावर निर्णय घेऊ नका. तो बहुधा सुरुवातीचा असतो, तिथे संवाद कमी असतात आणि दोघेही सारखेच छान वाटतात. शक्य असेल तर दोघांच्या एकेका कथेपासून सुरुवात करा, आणि जिथे रोज ऐकणार आहात तिथेच ती ऐकून पाहा.

आणि प्रत्येक पुस्तकाला या दोघांपैकीच कुणी हवं असंही नाही. 'मर्डर इन मेसोपोटेमिया' इराकमधल्या उत्खननाच्या छावणीत घडते आणि ती सांगते एक नर्स. ते अ‍ॅना मॅसीच्या आवाजात आहे. पुरुषाच्या आवाजात मला ते पटलं नसतं. रहस्यकथांच्या बाहेर, इंग्लिश अभिजात कादंबऱ्यांसाठी मी डोळे मिटून जूलिएट स्टीव्हन्सनकडे जातो. जॉर्ज एलियटचं 'मिडलमार्च' मी कॉलेजपासून तीनदा अर्धवट सोडलं होतं. एलियटची वाक्यं एवढी लांब की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटायची. स्टीव्हन्सन बाई ते वाक्य अशा ठिकाणी किंचित थांबवतात की त्याची सगळी वळणं दिसतात. त्यांच्याकडेही पात्रांचे आवाज आहेतच, पण खरी पकड निवेदनावर. फ्रेझर मला त्याच कुळातले वाटतात.

तर सहकाऱ्याला मी फ्रेझरचं नाव सांगितलं होतं. आज विचारलं तरी बहुधा तेच सांगेन, फक्त एक पुस्तक वगळून. 'ओरिएंट एक्स्प्रेस' सुशेंचंच घ्यावं. सुट्टीच्या आदल्या रात्री, पंखा मंद करून, एकट्याने ऐकावं.

हेस्टिंग्ज स्वतः सांगतो त्या कादंबऱ्यांसाठी मात्र मला दुसरा आवाज कानाला चालेनासा झालाय. त्यातली शेवटची 'कर्टन'. ख्रिस्तीने ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली होती, छापून आली 1975 साली. हेस्टिंग्ज आता वयस्कर आहे, एकटा आहे, आणि जिथे पॉयरोबरोबरची पहिली गोष्ट घडली त्याच स्टाइल्सच्या घरात परत आलाय. फ्रेझर त्यात काहीही जास्तीचं करत नाहीत. आवाज थोडा थकलेला, एवढंच. परतीच्या गाडीत शेवटची वीस मिनिटं उरली होती आणि डोंबिवली आलं. मी उतरलो, फलाटावरच्या बाकावर बसलो आणि ती वीस मिनिटं तिथेच पूर्ण ऐकली. त्या वेळात कल्याणकडे तीन गाड्या गेल्या, आणि तरी एक शब्द सुटला नाही.