सिएरा लिओनचा डॉलर घ्यावा की मोंबासाचा रुपया?

वसाहतकालीन आफ्रिकेचं एकच चांदीचं नाणं संग्रहात ठेवायचं ठरवलं, की घोडं बहुधा या दोघांपाशी अडतं. दोन्ही ब्रिटिश कंपन्यांची, दोन्ही बर्मिंगहॅमला पाडलेली.

देखणेपणात सिएरा लिओन कंपनीचा डॉलर उजवा. कारखानदार मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीतलं हे काम. एका बाजूला सिंह, खाली ‘आफ्रिका’. दुसऱ्या बाजूला हस्तांदोलन, एक हात काळ्याचा आणि एक गोऱ्याचा. नाण्यावर साल १७९१, पण कंपनीची वसाहत, फ्रीटाउन, वसली मार्च १७९२मध्ये, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून आलेल्या हजारावर मुक्त कृष्णवर्णीयांमुळे. कंपनीच्या संचालकांत विल्बरफोर्ससारखे गुलामीविरोधक होते. तरी जमिनीवरच्या खंडापायी १८००मध्ये याच वसाहतकऱ्यांनी कंपनीविरुद्ध बंड केलं. ते ठाऊक असलं की हे हस्तांदोलन जरा वेगळं दिसतं.

मोंबासा हे आजच्या केनियातलं बंदर; तिथला रुपया इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा, १८८८चा. मुकुटाखाली सूर्य, मागे तराजू, आणि हीटन टांकसाळीचा बारीक ‘एच’. दिसायला सरकारी कागदासारखा, खरं सांगायचं तर. पण तो रुपया का आहे, यातच त्याची गंमत आहे. त्या किनाऱ्यावर भारतीय व्यापाऱ्यांमुळे आपला रुपया आधीच चालत होता, म्हणून कंपनीने तेच माप उचललं: ११.६६ ग्रॅम, ९१७ कसाची (हजारात ९१७ भाग शुद्ध) चांदी. म्हणजे पारखायला घरातला व्हिक्टोरिया रुपया पुरे. दोन्ही काट्यावर ठेवा. न झिजलेल्या नाण्यात डोळ्यांत भरणारा फरक आला तर सरळ परत करा.

डॉलरला असा सोपा ताळा घरात मिळत नाही. तो पैशालाही बराच जड, म्हणून नकलांची भीती जास्त. आयाळीचे केस आणि बोटांमधल्या रेषा भिंगाखाली बघा, कडेवर कडी काढून बुजवल्याची खूण शोधा. स्लॅबमधला, म्हणजे तपासणी संस्थेने पारखून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेला, नसेल तर मी घेणार नाही.

विकण्याचाही विचार आत्ताच करा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. एकदा इथे आणलं की गिऱ्हाईक इथलंच. रुपये जमवणारे इथे पुष्कळ आहेत, डॉलरवाले मोजके.

माझं मत रुपयाकडे. मन सिंहावरच बसलं असेल, तर त्याच कंपनीचं चांदीचं दहा सेंट बघा. सिंह तोच, हात तेच, आणि खिशाला झेपेल असं.