स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीनंतरचे सव्वा वर्ष : भूक, वजन आणि रोजची शिस्त

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याला आता सव्वा वर्ष होत आले. माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारची होती. तिच्यात दुर्बिणीतून जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्या जठराची एक अरुंद नळी राहते. निर्णय घेण्यापूर्वी मी जे अनुभव वाचले, ते बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत उत्साहाच्या भरात लिहिलेले होते. पुढच्या महिन्यांत शरीर आणि मन कसे वागते, हे त्यांतून कळत नव्हते. म्हणून इतके दिवस थांबून मगच लिहायला घेतले आहे. मला विचाराल तर या शस्त्रक्रियेतून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भुकेपासूनची सुटका. वजन तिच्या मागोमाग उतरले.

शस्त्रक्रियेपूर्वी माझे वजन ११८ किलो आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे दाखवणारा आकडा, ४३ होता. टाइप २ मधुमेह होता, आणि झोपेत श्वास अडखळत असल्यामुळे रात्री श्वासमार्ग उघडा ठेवण्यासाठी दाबाने हवा देणारे सीपॅप मशीन लावून झोपावे लागत असे. आहार आणि व्यायामाने मी अनेकदा वजन उतरवले होते, परंतु प्रत्येक वेळी ते काही महिन्यांत परत आले आणि बहुधा थोडे जास्तच आले. याला मनाचा दुबळेपणा म्हणतात, आणि मीही बराच काळ तसेच मानत होते. शरीराचे वजन घटू लागले की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते, हे मला पहिल्यांदा शल्यचिकित्सकांनी नीट समजावून सांगितले. घ्रेलिन प्रामुख्याने जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. म्हणजे पोट लहान करणे एवढाच या शस्त्रक्रियेचा अर्थ नाही, आणि ही एक गोष्ट लक्षात आल्यावर माझी बरीच भीती कमी झाली.

पात्रतेविषयीही बराच गैरसमज दिसतो. बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असल्यास ३५, हा १९९१ पासून चालत आलेला निकष होता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या पुढे इतर आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते, ३० च्या पुढे मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास विचार करता येतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी या मर्यादा आणखी खाली आहेत. ‘अजून तेवढे वजन झालेले नाही’ असे म्हणून वर्षानुवर्षे थांबणाऱ्यांनी निदान एकदा तज्ज्ञांचे मत घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

स्लीव्ह की बायपास, हा प्रश्न मात्र मला पुरेसा वेळ देऊन कोणी समजावला नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावत नाहीत, त्यामुळे ती तुलनेने सुटसुटीत असते. परंतु तिच्यानंतर आम्लपित्ताचा, म्हणजे जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत येण्याचा त्रास वाढू शकतो किंवा नव्याने सुरू होऊ शकतो. ज्यांना हा त्रास आधीच तीव्र आहे, त्यांना बहुधा बायपासच सुचवतात. मी ज्या रुग्णालयात गेले, तिथल्या समुपदेशनात हा मुद्दा एका वाक्यात उरकला गेला. मला हा त्रास पूर्वी नव्हता, आज आहे. आधी सविस्तर सांगितले असते तरी मी कदाचित स्लीव्हच निवडली असती, पण ती निवड पूर्ण माहितीनिशी झाली असती.

पूर्वतयारीत रक्ताच्या तपासण्या, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, झोपेची चाचणी, भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या भेटी होत्या. सर्वांत जड गेला तो शस्त्रक्रियेआधीचा दोन आठवड्यांचा अतिशय कमी उष्मांकांचा आहार. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, आणि यकृतातली चरबी कमी होऊन ते आकसले तरच दुर्बिणीला वाट मिळते, हे कारण ठाऊक असल्यामुळे तो आहार मी निभावू शकले.

शस्त्रक्रियेनंतर जखमांपेक्षा खांदा जास्त दुखला. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असे होते आणि चालल्याने ते ओसरते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून मला त्याच संध्याकाळी उठवून चालवले, आणि पुढे काही दिवस इंजेक्शनेही दिली. घरी सोडताना नाडीचे ठोके एकाएकी वाढणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा धाप यांपैकी काहीही जाणवले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, असे बजावले होते, कारण स्टेपलरने शिवलेल्या रेषेतून गळती होणे ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत गंभीर गुंतागुंत असते. ती क्वचितच होते, परंतु ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असावीत.

सुरुवातीचे दिवस औषधाच्या ३० मिलिलिटरच्या पेल्याभोवती फिरत होते. तो पेला भरायचा, घोट घोट करत दहा-पंधरा मिनिटांत संपवायचा आणि पुन्हा भरायचा. दिवसाकाठी दीड लिटर पाणी पोटात जावे यासाठी हे काम जागेपणी अखंड चालू ठेवावे लागते. पाण्याचा एक मोठा घोट चुकून घेतला गेला, तरी छातीच्या मधोमध गच्च आवळल्यासारखे व्हायचे. पुढे पातळ पदार्थांवरून दाट, मग मऊ आणि मग घट्ट अन्न असा प्रवास दीड-दोन महिन्यांत झाला. प्रत्येक टप्प्यावर नळीची ओळख नव्याने करून घ्यावी लागली. पोट भरल्याची पूर्वीची खूण आता राहिलेली नाही. नाकातून पाणी येते, एखादी उचकी लागते किंवा छातीच्या हाडाखाली हलका दाब जाणवतो, आणि तिथेच हातातला चमचा खाली ठेवायचा असतो. त्यापुढचा एकच घास घेतला तर तोंडात फेसासारखी लाळ दाटते, घास पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, आणि अर्धा तास उभे राहून तो उतरण्याची वाट पाहावी लागते. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचे आणि प्रत्येक घास अगदी मऊ होईपर्यंत चावायचा, हे नियम कागदावर साधे दिसतात. त्यांची सवय व्हायला मला काही महिने लागले.

आता भुकेविषयी. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा महिने मला भूक अशी लागलीच नाही. वेळ झाली म्हणून, गजर लावून, मी जेवत होते. ज्यांनी आयुष्यभर पुढच्या जेवणाचा विचार डोक्यात वागवला आहे, त्यांनाच या शांततेची किंमत कळेल. समोर खाणे असताना मी बोलण्याकडे लक्ष देऊ शकते, बैठकीत बसून घड्याळाकडे न पाहता काम करू शकते, हे मला नवीन होते. परंतु याच काळात दुसरी एक भूक स्पष्ट दिसू लागली, जी पोटाची कधीच नव्हती. कंटाळा, राग, थकवा आला की हात आपोआप खाण्याकडे जाई, आणि घ्रेलिन कमी झाल्याने त्यात काही फरक पडत नव्हता. त्यासाठी मी समुपदेशकाकडे नियमित गेले, आणि शस्त्रक्रियेइतकेच श्रेय मी त्या बैठकांना देते. सात-आठ महिन्यांनंतर खरी भूक हळूहळू परतली. आजही ती पूर्वीपेक्षा सौम्य आहे, पण आहे. ती परतण्यापूर्वी जेवणाच्या वेळा, प्रथिने आधी खाण्याची सवय आणि रोजचे चालणे पक्के झाले होते, म्हणून ती आली तेव्हा मी गडबडले नाही.

सध्या माझे वजन ८३ किलोच्या आसपास स्थिरावले आहे. ते एकसारखे उतरत नाही. तिसऱ्या आठवड्यात काटा जो अडला तो बरेच दिवस हललाच नाही, आणि असा थांबा बहुतेकांना येतो हे ठाऊक नसते तर मी घाबरून गेले असते. मधुमेहाची सुधारणा मात्र वजनाची वाट पाहत बसली नाही. पहिल्या काही आठवड्यांतच साखर इतकी उतरली की औषधे कमी करावी लागली, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ८.४ वरून ५.९ वर आली आणि आज एकच गोळी अर्ध्या मात्रेत चालू आहे. औषधांचे हे बदल स्वतःच्या मनाने करू नयेत, कारण साखर आणि रक्तदाब दोन्ही एकदम खाली जाऊ शकतात. झोपेची चाचणी पुन्हा केल्यावर सीपॅप मशीन बंद झाले.

ज्याची किंमत मोजावी लागली, तेही सांगायला हवे. चौथ्या महिन्यापासून केस मुठीने गळू लागले. शरीरावर मोठा ताण आला आणि प्रथिने, लोह कमी पडले की असे होते, आणि बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. माझेही आले, परंतु ते महिने फार उदास गेले. दंड, मांड्या आणि पोटाची कातडी सैल पडली आहे व व्यायामाने ती पूर्ववत होणार नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो, म्हणून पहिले सहा महिने त्यासाठीची गोळी घेतली. बी१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सायट्रेट आयुष्यभर घ्यायचे आहे, त्यातही लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवून, कारण एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. सांधेदुखीवरच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखमा करू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेता येत नाहीत. साधारण दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, हेही मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी आधीच विचारात घ्यावे.

लोकांनी याला सोपा मार्ग म्हटले. त्या शब्दाचा मला अजूनही त्रास होतो. पित्ताशय किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला असे कोणी म्हणत नाही. स्थूलता हा आजार आहे आणि शस्त्रक्रिया हा त्यावरचा एक उपचार आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड यांसारखी भूक व वजन कमी करणारी इंजेक्शनेही आता उपलब्ध आहेत. काहींना ती पुरेशी ठरतील आणि ती बंद केल्यावर वजन परत येते हेही दिसते, म्हणून दोन्ही पर्याय एकाच बैठकीत विचारून घ्यावेत. रुग्णालय निवडताना, शस्त्रक्रियेनंतर एक-दोन वर्षांनी फोन उचलणारा आहारतज्ज्ञ तिथे आहे का, याची चौकशी मी आता सर्वांत आधी करीन.

मी ही शस्त्रक्रिया पुन्हा करून घेईन का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर होकारार्थी आहे. आम्लपित्तासाठी सध्या रोज सकाळी गोळी घेते, रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकते आणि उशाकडची बाजू उंच केली आहे. अन्ननलिकेला इजा होत नाही ना, हे पाहण्यासाठी पुढच्या महिन्यात एंडोस्कोपी ठरली आहे, आणि त्रास असाच वाढत राहिला तर स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करण्याचा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवला आहे.