फोटोतली सिल माझ्या गाडीची नव्हती

एमजी म्हटलं की आता भारतात लोकांना हेक्टर आठवते. माझ्या डोक्यात मात्र शाळेपासून दुसरीच एमजी होती. सांगलीत मामांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, महिने कधीच फाटून गेलेलं, फक्त चित्र उरलेलं. हिरवी, बुटकी, बिनछपराची एमजी बी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती १९६२ ते १९८० बनत होती. छपराच्या जीटीसकट पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नोकरीसाठी स्विंडनला आलो, तिथून अ‍ॅबिंग्डन गाडीने पाऊण तासावर. २०२१ च्या शरद ऋतूत ऑफिसातल्या एकाने सांगितलं की त्याच्या गावात एका आजींच्या गॅरेजमध्ये अशी एक गाडी पडून आहे. १९७१ ची, गडद हिरवी, त्यांचे यजमान गेल्यापासून, म्हणजे २००९ पासून, जागची हललेली नाही. चारही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, बोनेटवर रंगाचे डबे. आजींनी काही लपवलं नाही. ‘खालून सडली आहे, बघून घे,’ असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. २,८०० पौंडांना गाडी घेतली. त्यांच्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

इंजिन मी स्वतः जागं केलं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढेमागे ढकलत राहिलो. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंखा जेमतेम बोटभर फिरला. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, दोन्ही एसयू कार्बोरेटर खोलून साफ केले, पॉइंट घासले. नोव्हेंबरातल्या एका रविवारी १,७९८ सीसीचं ते इंजिन खोकलं, थांबलं आणि मग धरलं. बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. मी रडत होतो हे मी लपवणार नाही.

पत्र्याचं काम मात्र माझ्या आवाक्यातलं नव्हतं. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. आणि त्या सांगाड्याचं बळ सिलमध्ये असतं. सिल म्हणजे दरवाज्याखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पत्र्याचा पोकळ खोका. बाहेरून एकच पत्रा दिसतो, आत आणखी थर असतात. छप्पर नसल्यामुळे सगळा भार यावरच. आतून सिल सडली तर गाडी मधोमध वाकते, आणि बाहेरचा चकचकीत रंग त्यातलं काही सांगत नाही.

ज्याच्याकडे काम दिलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. औद्योगिक वसाहतीत छोटी शेड, आत तीन जुन्या गाड्या, बोलणं अगदी घरच्यासारखं. वडील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात होते म्हणाला. मी त्याची एकही पूर्ण झालेली गाडी खालून बघितली नाही, आधीच्या एकाही गिऱ्हाइकाशी बोललो नाही. वडिलांच्या गोष्टीवर विश्वास ठेवला.

पैसे चार हप्त्यांत ठरले, एकूण ११,४०० पौंड. पहिल्याच हप्त्याला तो म्हणाला, ‘क्रेडिट कार्डने दिलेस तर माझं कमिशन कापलं जातं. थेट खात्यात टाक, दोनशे पौंड कमी करतो.’ मी टाकले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं: १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत किंमत असलेल्या व्यवहारात थोडीशी रक्कम जरी क्रेडिट कार्डने दिली असेल, तरी कार्ड देणारी बँक पूर्ण व्यवहाराला त्या माणसाइतकीच जबाबदार असते. दोनशे पौंडांसाठी मी ते संरक्षण सोडून दिलं.

दर शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे. सडका पत्रा कापलेला, नवीन सिल बसवलेली, वेल्डिंगचे टाके एका ओळीत. मी ते सांगलीला मामांना पाठवायचो. ऑगस्टमध्ये गाडी आली तेव्हा रंग आरशासारखा होता. एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची ब्रिटनमधली सक्तीची वार्षिक तपासणी, करून घेऊ का विचारलं तर म्हणाला, चाळीस वर्षांवरच्या गाडीला लागत नाही. ते खरंही आहे. २०१८ च्या मे महिन्यापासून, मोठे बदल न केलेल्या अशा गाड्यांना एमओटीतून सूट आहे. पण सूट आहे म्हणजे बंदी नाही. पैसे भरून तपासणी कधीही करून घेता येते, आणि हेच मी शेवटचा हप्ता देण्याआधी करायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी मागचा टायर बदलायला सिलच्या मधल्या जागी जॅक लावला. चार वेळा दांडा फिरवला, आतून कर्र असा आवाज आला. गाडी वर गेलीच नाही, जॅकच सिलमध्ये घुसला. दरवाजा उघडायला गेलो तर तो चौकटीत अडकलेला. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून सिलवर लावलं. दरवाज्याच्या बरोबर खाली, जवळजवळ हातभर लांबीत, ते चिकटलंच नाही. नुसती पुट्टी.

नंतर दुसऱ्या वेल्डरने ती सिल माझ्यासमोर कापली. वर रंग, मग पुट्टी, मग जुन्या सिलवरच डागलेला पातळ नवा पत्रा. त्याच्या मागे जुना सडका पत्रा जसाच्या तसा. आणि आतल्या पोकळीत खिडक्यांच्या फटीत मारतात तो पिवळा फोम. गंज त्यात भाकरीच्या चुऱ्यासारखा मिसळला होता. हाताने उपसून बादली भरली. ‘हा फोम वेल्डिंगने पेटतो, धूर विषारी असतो,’ म्हणत त्याने आधी सगळा खरवडून काढला, मगच वेल्डिंगची टॉर्च हातात घेतली.

त्या रात्री सगळे फोटो परत काढून बसलो. डाव्या सिलचा एक फोटो होता, डाव्या उघड्या दरवाज्यातून घेतलेला. सिल सुंदर. आणि वरच्या कोपऱ्यात, आत अंधारात, तीन पेडल. डाव्या बाजूला. माझी गाडी ब्रिटिश रस्त्यांसाठीची, तिची पेडल उजवीकडे. अमेरिकेहून परत आलेल्या कुणाच्या तरी गाडीचा तो फोटो होता. पाच महिने तो माझ्या फोनमध्ये होता, मामांनी बघितला, मी वीसदा बघितला. आम्ही दोघंही टाके बघत होतो.

सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून जुन्या एमओटीच्या नोंदी फुकट बघता येतात. त्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. २००८ ला परीक्षकाने दोन्ही सिलच्या गंजाची नोंद करून ठेवली होती. ती आधी वाचली असती तर काम देतानाच विचारलं असतं की आतले थर दाखव.

शेड तोपर्यंत रिकामी झाली होती. दावा छोट्या दाव्यांच्या १०,००० पौंडांच्या मर्यादेत बसावा म्हणून वरची रक्कम सोडली. तो आलाच नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. हातात अजून एक पेनीही आलेली नाही.

मामांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, ‘तू शेडमध्ये जाऊन किती वेळा बघितलीस?’ एकदा. वीस मिनिटांच्या अंतरावर होती.

नवा वेल्डर आठवड्यातून एक दिवस माझ्या गाडीवर काम करतो. कापण्याआधी दोन्ही दरवाज्यांच्या चौकटींत आडवे पाइप डागून घेतले, बॉडी वाकू नये म्हणून. मी दर शनिवारी जातो. चॅसी नंबर चिकटपट्टीवर लिहून प्रत्येक फोटोत लावतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. डावी बाजू झाली आहे. परवा त्याने त्या सिलखाली जॅक लावून गाडी उचलली आणि मला दरवाजा उघडायला सांगितलं. उघडला.