महाद्वार रोडच्या मागच्या बोळातली मिसळ, ४ स्टार

मिसळ लई भारी, कट झणझणीत पण घशाला लागत नाही, ब्रेड ताजा. खरी गंमत गल्ल्यावर, किती ब्रेड खाल्ले कोण मोजत नाही, आपण सांगू तेवढेच पैसे. मामांच्या डोक्यावर अंबाबाईचा फोटो. म्हणाले, "आई बघतीय, म्हणून कोण खोटं बोलत नाही."

आमचा दोस्त बायोलॉजीवाला, सुरूच झाला, म्हणे मामा ही न्याय-अन्यायाची जाणीव धर्माच्या आधीची हाय, २००३ साली कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग छापून आलाय, खडा परत दिला की बक्षीस, एकीला काकडी आणि शेजारणीला द्राक्ष, तर काकडीवाली बऱ्याचदा काकडी घ्यायलाच तयार नाही!

मामा ब्रेड कापता कापता, "तिला राग आला तो सोताला कमी मिळालं म्हणून. शेजारणीला कमी मिळाल्यावर आला असता तर मानलं असतं." दोस्त गप्प, कट मागवला.

एक तक्रार, शेजारच्या टेबलाला दोनदा कट आणि आम्ही हाका मारतोय तरी पोरगं बघतच नाही, माझीच माकडीण झालती. पाच ब्रेड खाल्लेले, रागात चार सांगणार होतो, पण सांगितले पाचच.

पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या.